डब्यातल्या माल्टचा स्टाउट पातळ का होतो आणि दाट कसा करायचा

प्रश्न निपाणीहून आला आहे. विचारणाऱ्यांचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याने तिथल्या दुकानातून स्टाउटचा, म्हणजे काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरचा, १.७ किलोचा डबा आणला (यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, घट्ट अर्क असतो), सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे १ किलो साखर घातली, पाणी ओतून २३ लिटर केलं, झाकणाखालची यीस्टची पुडी भुरभुरली आणि पिंप हीटरशेजारी ठेवून दिलं. सातव्या दिवशी बाटल्या भरल्या. रंग काळाभोर आला, पण तोंडात पाणी घेतल्यासारखं लागतं, मागून आंबूस सफरचंदाची चव येते, फेस ग्लासात टिकत नाही आणि दोन बाटल्या तर उघडताच निम्म्या बाहेर आल्या. शिवाय विचारलं आहे की सुट्टीला येताना तो एक डबा निपाणीला आणणार आहे, तो इथे लावला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. परवान्याशिवाय बिअर तयार करणं हा कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ खाली गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडे गेलात तर तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तरी गाळायला-बनवायला परवाना लागतोच. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या घरी पिण्यासाठी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. तेव्हा पुढचं सगळं भावासाठी आहे, आणि परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी. डबा इकडे आणून काही साधणारही नाही. त्यातल्या अर्कात हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडूपणा आधीच मुरलेला असतो, त्यामुळे तो दुधात किंवा पावात घालायच्याही कामाचा नाही. बिनहॉप्सचा साधा माल्ट एक्स्ट्रॅक्ट असेल तर गोष्ट वेगळी, तो दुधात छान लागतो.

आता बिघडलं कुठे ते पाहू. १.७ किलो घट्ट अर्क २३ लिटर पाण्यात मिसळला तर ग्रॅव्हिटी (मिश्रण पाण्यापेक्षा किती जड आहे ते; साधं पाणी १.०००) साधारण १.०२२ पर्यंत जाते. १ किलो साखर तिच्यात आणखी १७ अंकांची भर घालते, म्हणजे एकूण १.०३९. याचा अर्थ यीस्टला मिळालेल्या खाद्यात ४३ टक्के नुसती साखर होती. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे अल्कोहोल राहतं, अंग काही राहत नाही. माल्टच्या अर्कात मात्र यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा असतात आणि प्रथिनं असतात. तोंडाला जाणवणारा दाटपणा आणि ग्लासातला फेस या दोन्ही गोष्टी तिथून येतात. स्टाउट दाट हवा असेल तर साखरेची जागा माल्टला द्यायची, एवढं एक केलं तरी निम्मं काम होतं.

सफरचंदाची चव साखरेमुळे आली असं बहुतेक जण सांगतील. माझ्या मते मोठा दोष उष्णतेचा आणि अशक्त यीस्टचा आहे. आपल्याकडे थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून ते चुलीच्या उबेला ठेवतात, आंबोळीचं पीठ कापडात गुंडाळतात. तीच सवय हाताला असते आणि पिंपही हीटरजवळ जातं. पिठाला ऊब मानवते. एलचं यीस्ट (एल हा बिअरचा प्रकार, स्टाउट त्यातलाच) १८ ते २० अंशांतच नीट वागतं. शिवाय आंबताना ते स्वतःच उष्णता सोडतं. खोली २३ अंशांवर असली तर पहिल्या दोन दिवसांत पिंपाच्या आत २७ पर्यंत सहज जातं. तिथे घशाला चटका देणारी जड अल्कोहोलं आणि फळांचे अनाठायी वास तयार होतात. बेळगावात डिसेंबरच्या रात्री माजघरात जेवढा गारवा असतो, तेवढा गारवा भावाने पिंपाला द्यावा. इंग्लंडातल्या घरात जिन्याखालची कपाटासारखी जागा याला उत्तम. पिंपाच्या बाहेरून चिकटवायची पट्टीची थर्मामीटर मिळते, ती लावायची आणि खोलीचं नव्हे तर तिचं तापमान पाळायचं.

मायक्रोब्रुअरीतल्या पोरांना थंडाव्याची यंत्रं असतात. घरगुती पातळीवर पिंप पाण्याच्या टबात उभं करून वरून ओलं कापड आणि पंखा लावला की कोरड्या हवेत ३-४ अंश उतरतात. अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत ही युक्ती लागू पडते. खानापूरच्या पावसाळ्यात कापड वाळतच नाही, तिथे टबात बर्फाच्या बाटल्याच टाकाव्या लागतील.

आता २० लिटरचं प्रमाण. २३ नव्हे, २०. कागदावरच्यापेक्षा ३ लिटर पाणी कमी घालणं हीच दाटपणाची सर्वांत स्वस्त पायरी आहे. स्टाउटचा १.७ किलोचा एक डबा. फिकट रंगाची, बिनहॉप्सची माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर १.५ किलो. भाजलेली बार्ली २०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट १०० ग्रॅम, मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम, तिन्ही दुकानातूनच भरडून घेतलेले. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स २५ ग्रॅम, अल्फा (हॉप्समधलं कडूपणा देणारं आम्ल) ५ टक्क्यांच्या आसपास. सुकं एल यीस्ट ११ ग्रॅम, सफाले एस-०४ किंवा नॉटिंगहॅम. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५८ च्या जवळ येईल, शेवटची १.०१६ ते १.०१८, अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर.

पावडर फिकट का, गडद का नाही? गडद पावडरीत कारखान्याने कोणतं धान्य किती घातलंय ते आपल्याला कळत नाही. रंग आणि भाजकी चव आपण दाण्यांतून आणतो, म्हणजे काही चुकलं तर कुठे चुकलं ते सापडतं. घट्ट अर्काच्या डब्यावरची तारीखही पाहावी. जुना अर्क डब्यातल्या डब्यात काळवंडत जातो आणि त्याला शिळ्या काकवीसारखी एक चव येते, ती नंतर कशानेही जात नाही. पावडर जास्त टिकते.

दाण्यांचे गुण थोडे खोलात सांगतो, कारण स्टाउटचा जीव तिथे आहे. भाजलेली बार्ली म्हणजे माल्ट न केलेले दाणे कॉफीसारखे काळे भाजलेले. त्यांतून कोरडा, कॉफीसारखा कडूपणा येतो. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट काही नसतं, भाजणी जरा अलीकडे थांबवलेली असते म्हणून चव कोकोकडे झुकते. क्रिस्टल माल्टचा दाणा ओला असतानाच तापवतात, आत साखर तयार होते आणि मग ती करपण्याआधी तांबूस होते. बेळगावी कुंदा करताना खवा तांबूस होईपर्यंत परतल्यावर जो वास सुटतो, त्याच्या नात्यातली ही चव आहे. काळ्या माल्टची भाजणी डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये इंग्लंडात पेटंट केली. तो माल्ट मी इथे मुद्दाम टाळला आहे, कारण प्रमाण थोडं चुकलं की विडीच्या राखेसारखी चव उरते, आणि डब्यात काळेपणा आधीच भरपूर असतो.

भरडलेले दाणे सैल मलमलच्या पिशवीत बांधा. ३ लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा, पिशवी सोडा, तापमान ७० च्या आसपास स्थिरावेल. अर्धा तास झाकून ठेवा. पिशवी उचलून निथळू द्या आणि वरून १ लिटर गरम पाणी ओता. पाण्याला उकळी येईपर्यंत पिशवी आत राहता कामा नये; टरफलांतला तुरटपणा उतरतो आणि चहाची पावडर फार वेळ उकळल्यासारखी जीभ आवळते. ज्यांना आणखी मऊ चव हवी त्यांनी दोन्ही भाजके दाणे आदल्या रात्री १ लिटर गार पाण्यात भिजत घालावेत आणि सकाळी ते गाळलेलं पाणी उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत घालावं. मला स्वतःला हीच पद्धत अधिक पसंत आहे.

इथे ओट्सबद्दल सांगायला हवं, कारण दाटपणासाठी सगळे आधी ओट्सकडे धावतात. ओट्स नुसते भिजवून उपयोग नाही. त्यातला स्टार्च मोडायला एन्झाइम लागतात आणि ते भाजक्या दाण्यांत उरलेले नसतात. नुसते भिजवले तर पिठाळ गढूळपणा येतो आणि जंतूंना खाद्य मिळतं. ओट्स घालायचेच असतील तर ३०० ग्रॅम ओट्सबरोबर किमान तेवढाच फिकट साधा माल्ट घ्या आणि दोन्ही ६७ अंशांवर पूर्ण एक तास धरा. तेवढा खटाटोप नको असेल तर २०० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घाला. त्याला चव जवळजवळ नसते, यीस्ट त्याला फारसं हात लावत नाही आणि अंग भरतं. गोडसर दुधाळ स्टाउट हवा असेल तर ३०० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. तेही यीस्टला पचत नाही. ते घातलं तर पाहुण्यांना आधी सांगावं, दूध न पचणारे बरेच असतात.

निथळलेल्या पाण्यात आणखी पाणी घालून ६ लिटर करा, गॅस बंद ठेवूनच ६०० ग्रॅम पावडर भुरभुरत ढवळा. पावडर वाफेने क्षणात दगड होते, म्हणून पातेल्यावर पाकीट उघडं धरून ठेवायचं नाही. उकळी आली की एक-दोन मिनिटांत फेस दुधासारखा उतू येतो. पातेल्यापाशी उभं राहा, फेस खाली बसला की हॉप्स टाका आणि ६० मिनिटं उकळा. हे २५ ग्रॅम हॉप्स २० लिटरमध्ये साधारण १५ एककं कडूपणा घालतात. डब्यात कडूपणा आहेच, मग हे कशाला? डब्याचा कडूपणा डब्यापुरत्या माल्टचा हिशेब धरून घातलेला असतो. आपण वर दीड किलो बिनहॉप्सचा माल्ट ओतला की तो तोल जातो आणि स्टाउट पाकासारखा गोडमिट्ट होतो. काही जण साखरेऐवजी दोन डबे एकत्र करतात, त्यात कडूपणाही दुप्पट होतो, म्हणून तो मार्ग सगळ्यांच्या जिभेला रुचत नाही.

उकळ संपल्यावर गॅस बंद करून उरलेली ९०० ग्रॅम पावडर आणि डब्यातला अर्क घाला. डबा आधी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवला की अर्क मधासारखा सरसर उतरतो. तो तळाशी बसतो आणि खाली आच असेल तर करपतो, म्हणूनच गॅस बंद. डब्यातला अर्क पुन्हा उकळायची गरज नाही, उलट त्यातला हॉप्सचा वास उडून जातो.

थंड करण्याचं गणित सोपं आहे. पातेल्यात साधारण ७ लिटर आहे. ते सिंकमध्ये गार पाण्यात ठेवून ४० अंशांवर आणा, पिंपात ओता, वर १० अंशांचं १३ लिटर पाणी. मिश्रण थेट २० अंशांवर येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आदल्या दिवशी उकळून गार केलेलं असावं, किंवा कॅम्पडनची अर्धी गोळी विरघळवावी. नाहीतर शेवटी दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. पाण्यात क्षार मिसळायच्या भानगडीत पडू नये. अर्क ज्या कारखान्यात तयार झाला तिथल्या पाण्याचे क्षार त्यात आलेलेच असतात.

आता हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी. डब्यावर बिअर करणारे इथे हमखास फसतात. जड अर्क खाली आणि टाकलेलं पाणी वर असा थर राहतो, वरचा नमुना घेतला की १.०४० दिसतं आणि माणूस घाबरून आणखी साखर टाकतो. हात भरून येईपर्यंत ढवळा, मग मोजा. अर्काचा हिशेब धान्यासारखा कमीजास्त होत नाही: ठरलेली वजनं ठरलेल्या पाण्यात गेली की ग्रॅव्हिटी तेवढीच असते. नमुना गरम असेल तर आकडा कमी दिसतो, ४० अंशांना साधारण ०.००६ मिळवावे लागतात.

यीस्ट घालण्यापूर्वी हे गार मिश्रण दोन भांड्यांत उंचावरून उलटसुलट ओता, भरपूर फेस येऊ द्या. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. हे फक्त याच वेळी. आंबायला लागल्यावर हवा मिसळली तर ओल्या पुठ्ठ्याची चव येते. डब्याबरोबरची पुडी बहुधा ५ ते ७ ग्रॅमची असते, आणि दुकानाच्या फळीवर किती महिने उकाड्यात पडली होती ते कोणाला माहीत नसतं. ती ठेवून द्या. ११ ग्रॅमची नवी पुडी ३० अंशांच्या ११० मिलि उकळून गार केलेल्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा, हलकेच ढवळा आणि घाला. १.०६५ च्या पुढे जायचं असेल तर दोन पुड्या.

पिंप निदान २५ लिटरचं हवं. स्टाउटचा फेस जाड आणि चिवट असतो; एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) तुंबला तर झाकण उडतं आणि छतापर्यंत काळे शिंतोडे जातात. पहिले तीन दिवस एअरलॉकच्या जागी जाड नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडवलेलं बरं.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात: आधी घासून धुणं आणि मग निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्टार सॅनसारखं आम्लयुक्त द्रावण लिटरला दीड मिलि पुरतं आणि ते धुवावं लागत नाही. पिंपाची तोटी मात्र दरवेळी खोलून साफ करा. आंबट निघालेल्या पिंपांत बहुतेकदा दोष तोटीच्या आत साचलेल्या चिकट थराचा असतो.

बाटल्या कधी भरायच्या हे दिवसांवर ठरत नाही. भावाच्या दोन बाटल्या उसळल्या, कारण सातव्या दिवशी यीस्टचं काम उरलेलं होतं आणि ते बाटलीत जाऊन पुरं झालं. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा हलला नाही तरच भरा. दोन आठवडे धरून चाला. अर्काचा स्टाउट पुष्कळदा १.०२० वर अडतो. मग पिंप २१ अंशांच्या जागी न्या, झाकण न उघडता गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा, चार दिवस द्या. तरीही १.०१८ ला थांबला तर ते त्याच्या अंगातलंच आहे, खुशाल भरा.

बाटलीतल्या वायूसाठी सगळ्या मिश्रणाला मिळून ९५ ग्रॅम साखर, पाव लिटर पाण्यात उकळून. स्टाउटला वायू कमीच शोभतो. जास्त झाला की भाजक्या चवीची धार टोचते. बाटल्या जाड बिअरच्याच घ्या. दोन आठवडे २० अंशांत, मग दीड-दोन महिने गार अंधाऱ्या जागी. तिसऱ्या आठवड्यात चाखून नाराज होऊ नका, राखेची कडा तेव्हा असतेच, ती महिन्याभराने बसते. प्यायच्या वेळी १० ते १२ अंश. फ्रिजमधून थेट काढलेल्या स्टाउटला दाटपणा असूनही तो जाणवत नाही.

सीमाभागातला माणूस म्हटल्यावर गुळाचा प्रश्न येणारच. गूळ दाटपणा देत नाही; तोही बहुतांश साखरच आहे आणि यीस्ट त्याचा फडशा पाडतं. मागे उरते ती काकवीची, किंचित खारट खनिज चव, आणि ती स्टाउटमध्ये फार छान बसते. उकळीच्या शेवटी २०० ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही, आणि गडद, बिनरसायनाचा. पिवळाधमक गूळ हायड्रोस घालून उजळलेला असू शकतो, त्याचा गंधकाचा वास बिअरमध्ये उतरतो. कॉफी घालायची तर चिकोरी नसलेली; ७० ग्रॅम जाडसर पूड अर्धा लिटर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि गाळलेलं पाणी बाटल्या भरताना मिसळा. गरम काढलेली कॉफी मात्र घालू नये.

राहिल्या भावाच्या आधीच्या बाटल्या. दोन उसळल्या म्हणजे बाकीच्यांतही दाब आहे. हातमोजे आणि चष्मा घालून त्या आज फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पूर्ण गार झाल्यावर एकेकाचं बूच किंचित उचलून वायू जाऊ द्यावा आणि लगेच नवं बूच बसवावं. एका बाटलीतला स्टाउट ग्लासात ढवळून, वायू पूर्ण घालवून मोजावा. १.०१० च्या खूप खाली गेला असेल आणि आंबट लागत असेल तर जंतू शिरले आहेत. त्या बाटल्या ओतून द्याव्यात आणि पिंपाची तोटी बदलावी. आकडा नेहमीसारखा असेल आणि नुसता पातळ लागत असेल तर तो महिनाभर गारव्यात ठेवून मटणाच्या रश्शात वापरता येईल, अर्ध्या लिटरला एक किलो मटण या बेताने.